तीन दशांश मुलाची गोष्ट

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ होती. चहाचा दुसरा कप घेऊन बसलो होतो, तोच आमच्या गल्लीतला एक तरुण मराठी शेजारी दारात उभा राहिला. पोरगा गुणी आहे. मंडळाच्या गणपतीत आरतीला झांजा तोच वाजवतो आणि माझा संगणक रुसला की पहिला फोन त्यालाच जातो. आज त्याच्या हातात एक अर्ज होता.

"काका, सही हवी आहे. आणि नुसती सही नको, टाउनशिपच्या मीटिंगला तुम्ही दोन मिनिटं बोला. तुम्ही इथले जुने. तुमचं ऐकतील."

मी चष्मा लावून कागद वाचला. हमरस्त्याजवळचे एक जुने ऑफिस पार्क ओस पडले आहे. तिथे अपार्टमेंट बांधायची आणि त्यांतली काही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखून ठेवायची, अशी टाउनशिपची योजना. तिला विरोध करणारा तो अर्ज होता. कारणे चार दिली होती. शाळेत गर्दी होईल, रस्त्यावर रहदारी वाढेल, प्रॉपर्टी टॅक्स चढेल आणि गावाचे स्वरूप बदलेल.

"वाचून सांगतो," असे म्हणून मी त्याला परत पाठवले. त्याला वाटले असेल, काकांना वयोमानाप्रमाणे वेळ लागतो. खरे कारण निराळे होते. हीच चार कारणे लिहिलेला असाच एक कागद १९९६ साली माझ्या दारात आला होता आणि त्यावर मी एका मिनिटात सही केली होती. तेव्हा जे वाचायला हवे होते ते मी या वेळी वाचायला बसलो. त्यातून जे हाती लागले ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो आहे. आपल्यापैकी बहुतेकजण ज्या राज्यात घरे घेऊन राहिलो, त्या न्यू जर्सीचाच हा इतिहास आहे. वाचकहो, थोडा रुक्ष वाटला तर सांभाळून घ्या.

पाचशे चौसष्ट गावे

न्यू जर्सी हे राज्य चिमुकले, पण त्यात आज ५६४ नगरपालिका आहेत. कोणी टाउनशिप, कोणी बरो, कोणी सिटी. कोणत्या जमिनीवर काय बांधायचे, किती एकरांवर एक घर, अपार्टमेंट चालतील की नाही, हे प्रत्येक गाव आपले आपण ठरवते. यालाच झोनिंग म्हणतात. शाळांचा बराचसा खर्च गावातल्या घरांवरच्या करातून निघतो. त्यामुळे प्रत्येक गावाच्या मनात एक हिशोब सतत चालू असतो. मोठे घर आले तर कर जास्त आणि मुले कमी. लहान घर आले तर कर कमी आणि मुले जास्त. कारखाना किंवा ऑफिस आले तर नुसता कर, मुले नाहीतच. हा हिशोब डोक्यात ठेवून गावांनी झोनिंगचे नियम केले.

आपण भारतातून आलो तेव्हा यातले काहीच आपल्याला ठाऊक नव्हते. मी १९८४ साली आलो. आधी एडिसनला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहिलो. मग मुले शाळेत जाऊ लागल्यावर, आपल्यातले सगळेच करतात तसे, "चांगली शाळा कुठे" हे विचारत विचारत १९९१ साली सध्याच्या गावात आलो. अर्ध्या एकराचा प्लॉट, चार बेडरूम, मागे मेपलची झाडे. हे अर्ध्या एकराचे माप आकाशातून पडलेले नाही, कोणीतरी ते ठरवून लिहिलेले आहे, असा विचार तेव्हा मनाला शिवलाही नाही.

कोंबड्यांची खुराडी

दक्षिण जर्सीत, फिलाडेल्फियापासून अर्ध्या तासावर माउंट लॉरेल नावाची टाउनशिप आहे. आज तिथे आपली अनेक मंडळी राहतात, ऑफिसांना जातात. १९६० च्या दशकापर्यंत हे शेतीचे गाव होते. स्प्रिंगव्हिल नावाच्या त्याच्या एका भागात कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत होती. शेतावर राबणारी माणसे. त्यांतली काही तर कोंबड्यांच्या खुराड्यांत डागडुजी करून केलेल्या खोल्यांत राहत. मग शहरे बाहेर पसरू लागली, जमिनीचे भाव वाढले आणि गावाने ही मोडकी घरे राहण्यास अयोग्य ठरवून पाडायला सुरुवात केली. त्यांच्या जागी दुसरी घरे मात्र दिली नाहीत. लोक कॅम्डेन शहराच्या पडक्या वस्त्यांत जाऊ लागले.

गावातल्या काही रहिवाशांनी मिळून ३६ साध्या अपार्टमेंटची योजना आखली. त्यांत एथेल लॉरेन्स नावाची बाई पुढे होती. झोनिंगमध्ये अपार्टमेंट बसत नव्हती आणि गाव नियम बदलायला तयार नव्हते. १९७० साली गावच्या महापौरांनी चर्चमध्ये जमलेल्या या लोकांना तोंडावर सांगितले की, तुम्हाला आमच्या गावात राहणे परवडत नसेल तर तुम्हाला जावे लागेल. ज्यांचे पूर्वज अमेरिकेच्या यादवी युद्धाच्याही आधीपासून त्या मातीत होते त्यांना हे ऐकावे लागले.

१९७१ साली एथेल लॉरेन्स आणि इतरांच्या वतीने खटला दाखल झाला. कॅम्डेनच्या गरिबांसाठीच्या कायदेविषयक मदत केंद्रातले कार्ल बिसगायर, केनेथ मायझर आणि पीटर ओकॉनर हे तरुण वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटल्यात गावाचे नियम बाहेर आले आणि त्यांतला एक वाचून मी थबकलो. मोठ्या नियोजित वसाहतींत गाव काही बहुमजली घरांना परवानगी देई, पण अटींवर. बेडरूमची संख्या कमी ठेवायची. आणि अशा घरांमधून दर घरामागे शाळेत जाणारी मुले सरासरी ०.३ पेक्षा जास्त निघाली, तर त्या जादा मुलांच्या शिक्षणाचा सगळा खर्च बिल्डरने भरायचा.

तीन दशांश मूल! आपल्याकडे घरात पाळणा हलला की पेढे वाटतात. इथे पाळणा तीन दशांशांच्या वर हलला तर बिल्डरला दंड.

मी आमचाच हिशोब मांडून पाहिला. १९९१ साली आम्ही गावात आलो ते दोन मुले घेऊन, आणि दोघांनी पहिलीपासून बारावीपर्यंत गावाच्या शाळेचे पुरेपूर माप पदरात घेतले. त्या हिशोबाने माझे कुटुंब गावाला तोट्याचेच होते. तरी माझ्या दारात कोणी अर्ज घेऊन आले नाही, कारण मला अर्धा एकर परवडत होता.

निकाल आणि त्यानंतरची पळवाट

२४ मार्च १९७५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी लिहिला. सार असे की, झोनिंगचा अधिकार गावाला राज्याकडून मिळतो, तेव्हा तो राज्यातल्या सगळ्या लोकांच्या भल्यासाठी वापरला पाहिजे. वाढत्या गावाने आसपासच्या प्रदेशातल्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी आपल्या न्याय्य वाट्याइतक्या घरांना वाव ठेवलाच पाहिजे. झोनिंगचे कुंपण घालून गरिबाला बाहेर ठेवता येणार नाही. सबंध अमेरिकेत या निकालाची चर्चा झाली.

गावाने काय केले? सुमारे १४ हजार एकरांच्या गावात जेमतेम २० एकर जमीन, तीही तीन तुकड्यांत, या कामासाठी दाखवली आणि हात झटकले. घर एकही उभे राहिले नाही. प्रकरण पुन्हा वर गेले. २० जानेवारी १९८३ रोजी सरन्यायाधीश रॉबर्ट विलेंट्झ यांनी दुसरा, पहिल्यापेक्षा कडक निकाल दिला. गाव वाटा उचलत नसेल तर बिल्डरने कोर्टात यावे. त्याच्या प्रकल्पात कमी उत्पन्नाच्या घरांचा भरीव हिस्सा असेल, साधारणपणे पाचात एक, तर कोर्ट त्याला बांधू देईल.

या तोडग्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एक परवडणारे घर मिळावे म्हणून बाजारभावाची चार घरे आली. शेते गेली, रस्ते तुंबले, बिल्डरांचे उखळ पांढरे झाले. आपल्यातल्या अनेकांची टाउनहाउसेही त्या चारांतलीच आहेत, हे मात्र आपण विसरतो. एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत आपली वस्ती वाढली ती ज्या बांधकामांच्या लाटेत, तिच्यामागच्या कारणांत हे खटलेही होते.

गावांनी आरडाओरड केली. तेव्हाचे गव्हर्नर टॉमस केन यांनाही कोर्टाचा हा हस्तक्षेप रुचला नव्हता. अखेर १९८५ साली विधिमंडळाने फेअर हाउसिंग कायदा केला आणि हे काम कोर्टाकडून काढून कौन्सिल ऑन अफॉर्डेबल हाउसिंग या नव्या मंडळाकडे दिले. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'कोआ' म्हणत. कोणत्या गावाचा वाटा किती, हे कोआने नियमांनी ठरवायचे.

याच कायद्यात एक पळवाट होती. गावाला आपल्या वाट्याची निम्मी घरे दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालता येत. त्यासाठी दर घरामागे ठराविक रक्कम द्यायची. श्रीमंत सबर्बने चेक लिहायचा आणि गरीब शहराने गरिबांना ठेवून घ्यायचे. २००८ साली कायद्यातून हा मार्ग बंद झाला, पण तोवर बरीच घरे अशी 'पाठवली' गेली.

माझी १९९६ ची सही इथे येते. आमच्या गावातल्या जुन्या फळबागेवर अपार्टमेंटची योजना होती. एका पॉटलकला श्रीखंडपुरीबरोबर तो कागद टेबलावर फिरला आणि आम्ही पंधरावीस मराठी माणसांनी सह्या ठोकल्या. पुढे कळले, योजना निम्मी झाली आणि उरलेल्या घरांचे पैसे एका शहराला गेले. आम्ही म्हटले, चला, सुटलो. त्या चेकच्या बदल्यात कोण कुठे जाणार, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.

सोळा वर्षे नियमाविना

पहिल्या दोन फेऱ्यांचे नियम १९९९ पर्यंत पुरले. तिसऱ्या फेरीचे नियम यायला २००४ उजाडले आणि त्यांत गणितच बदलले होते. गावात बाजारभावाची जितकी घरे बांधली जातील, जितक्या नोकऱ्या येतील, त्या प्रमाणात वाटा. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण मग वाढच नको म्हणणाऱ्या गावाचा वाटा शून्य होतो आणि कुंपण घालायचे बक्षीस मिळते. २००७ साली अपील कोर्टाने हे नियम मोडीत काढले. कोआने २००८ साली सुधारित नियम आणले. २०१० साली तेही अडले आणि २०१३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मधल्या काळात, २०११ साली, गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी कोआच बरखास्त करू पाहिले. तेही कोर्टाने मान्य केले नाही.

२०१४ साली पुन्हा नव्या नियमांचा मसुदा निघाला. त्यावर लोकांनी सूचना आणि हरकती पाठवल्या. २० ऑक्टोबर २०१४ रोजी मंडळात मतदान झाले. तीन मते बाजूने, तीन विरुद्ध. मसुदा तिथेच पडला. शेवटी १० मार्च २०१५ रोजी न्यायालयाने सांगितले की मंडळ मृतप्राय आहे, आता पुन्हा कोर्टातच या.

१९९९ ते २०१५ ही सोळा वर्षे धरा. त्या वर्षांत जन्मलेले मूल ड्रायव्हिंगच्या परवान्याला येते. एवढा काळ राज्याकडे टिकणारा नियम नव्हता. त्या काळात मीही या विषयाकडे ढुंकून पाहिले नाही. नियम रुक्ष असतात, आणि रुक्ष गोष्टींत कोणाचे काय अडते ते दिसत नाही.

वहिनींची चिठ्ठी

मला ते दिसले एका ओळखीच्या घरामुळे. त्यांचे नाव-गाव सांगत नाही, त्यांना मी इथे वहिनी म्हणतो. त्यांच्या परवानगीने, खुणा पुसून लिहितो आहे.

२००९ साली वहिनींचे यजमान हृदयविकाराने अचानक गेले. दोन मुली शाळेत. विमा तुटपुंजा, घरावर मॉर्गेज. मंडळाने वर्गणी काढली, डबे पोचवले, महिनाभर आळीपाळीने सगळे जाऊन आले. मग आपापल्या कामाला लागलो. वहिनींना शाळेच्या कॅफेटेरियात नोकरी मिळाली. घर विकावे लागले. मुलींची शाळा मोडू नये म्हणून त्याच गावात दोन खोल्या शोधल्या, पण भाडे पगाराच्या पलीकडचे होते.

कोणीतरी त्यांना परवडणाऱ्या घरांबद्दल सांगितले. तेव्हा सगळ्या राज्याची अशी एक जागा नव्हती की जिथे प्रत्येक गावाला आपली घरे जाहीर करावीच लागतील. वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या जाहिराती बघायच्या, एकेका टाउनशिपला फोन करायचे, प्रत्येक ठिकाणी पगाराच्या पावत्या जोडून वेगळा अर्ज करायचा. त्यांनी चार गावांत अर्ज केले. चौदा महिन्यांनी एका गावाच्या लॉटरीत त्यांचा नंबर लागला. दोन बेडरूमचे अपार्टमेंट, जुन्या घरापासून वीस मैलांवर. मुलींची शाळा सुटली, पण नवी शाळा चांगली निघाली. थोरली आज फार्मासिस्ट आहे.

हे आम्हाला कळले २०१६ साली. माझ्या पत्नीचे ऑपरेशन झाले तेव्हा वहिनी मुगाची खिचडी घेऊन आल्या होत्या आणि बोलता बोलता सांगून गेल्या. हिने विचारले, "अहो, आम्हाला तेव्हा का नाही सांगितलंत?" त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडच्याच हळदीकुंकवाला बोलणं चाललं होतं ना, 'ती' माणसं गावात यायला नकोत म्हणून. मग मी कसं सांगणार, की मीच त्यांतली?"

त्या हळदीकुंकवाला दाराशी उभा राहून मी बायकांना कॉफी देत होतो. ते बोलणे मीही ऐकले होते, नव्हे, त्यात भर घातली होती.

नियमांच्या पोटात

परवडणारी घरे कशी चालवायची याच्या राज्य नियमांना युनिफॉर्म हाउसिंग अफॉर्डेबिलिटी कंट्रोल्स असे भारदस्त नाव आहे. ते राज्याची हाउसिंग अँड मॉर्गेज फायनान्स एजन्सी करते. वहिनींमुळे मी ते मुद्दाम वाचले.

प्रदेशाच्या मध्यम उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत ज्यांची मिळकत, ते कमी उत्पन्नाचे. ५० ते ८० टक्क्यांमधले, ते मध्यम. ३० टक्क्यांच्या आतले अत्यल्प उत्पन्नाचे, आणि २००८ च्या कायद्याने निदान १३ टक्के घरे त्यांच्यासाठी ठेवावी लागतात. घरे ओळखीवर द्यायची नाहीत. जाहिरात करून, अर्ज मागवून, चिठ्ठ्या टाकून द्यायची. २०२० च्या कायद्याने अशा घरांची माहिती राज्याच्या एकाच संकेतस्थळावर सोडतीच्या आधी टाकणे सक्तीचे झाले. वहिनींचे ते चौदा महिने या एका कलमाने कदाचित निम्म्यावर आले असते.

मग आले बेडरूमचे कलम. परवडणाऱ्या घरांपैकी एका बेडरूमची किंवा त्याहून लहान घरे २० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि निदान २० टक्के घरे तीन बेडरूमची हवीत. हे वाचताना मला तीन दशांश मूल आठवले. ज्या बेडरूमच्या मोजणीने गावाने मुलांना बाहेर ठेवले होते, तीच मोजणी उलटी करून राज्याने मुलांना दार उघडून दिले. नियम तसा मुका असतो, पण तो कोणत्या हातात आहे यावर घरात कोण येणार ते ठरते.

गावांनी आणखी एक युक्ती काढली होती. वाटा भरायचा, पण फक्त ज्येष्ठ नागरिकांच्या घरांनी, कारण म्हातारी माणसे शाळेत जात नाहीत. मी आता त्या वयाचा असल्याने मला राग यावा की आनंद व्हावा कळेना. २०२४ साली गव्हर्नर फिल मर्फी यांनी सही केलेल्या कायद्यात या घरांना ३० टक्क्यांची मर्यादा आली आणि निम्मी घरे मुलाबाळांच्या कुटुंबांना उपलब्ध असावीत असे ठरले. त्याच कायद्याने कोआ कायमचे रद्द झाले. राज्याच्या खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये गावागावांचे आकडे काढले. २०२५ ते २०३५ या दहा वर्षांत राज्यात नवी ८४,६९८ घरे आणि मोडकळीला आलेल्या ६५,४१० घरांची दुरुस्ती. भाड्याच्या नव्या घरांवरचे बंधन तीस वर्षांऐवजी चाळीस वर्षांचे झाले. तीस वर्षे ऐकायला खूप वाटतात, पण १९९५ साली बांधलेल्या घराची तीस वर्षे २०२५ मध्ये भरली आणि तिथला भाडेकरू पुन्हा बाजाराच्या तोंडी आला. नव्या कायद्याबरोबर कारभाराचे नियमही पुन्हा लिहावे लागले आणि सुधारित नियम डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाले.

नियमात एक शब्द बदलल्याने काय होते याचे उदाहरण आपल्या मुंबईत आहे. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ साली विकास नियंत्रण नियम ५८ आला. त्यात ढोबळमानाने जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना आणि एक तृतीयांश मालकाला, असे वाटप होते. २००१ साली नियम सुधारला. वाटप सगळ्या जमिनीचे न राहता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे उरले. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती? मोर्चे निघाले, खटला झाला, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सुधारित नियम कायम ठेवला. मैदाने आणि घरे कुठे गेली ते परळला उभे राहून वर पाहिले की कळते.

दोन मिनिटे

टाउनशिपच्या सभेला मी गेलो. हॉल भरला होता. शेजारी माझ्यासाठी जागा धरून बसला होता. माझी दोन मिनिटे आली तेव्हा मी फार काही बोललो नाही.

मी सांगितले की १९९६ साली मी याच गावात अशाच कागदावर सही केली होती. मग सांगितले की माझा जन्म लालबागच्या चाळीतला, पण मी वाढलो विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत. वडील कारखान्यात फिटर होते. सरकारने कामगारांसाठी घरे बांधली, पगाराची मर्यादा घातली आणि त्या मर्यादेत वडिलांचे नाव बसले. एक खोली, स्वयंपाकघर आणि स्वतःचा नळ. त्या नळाखाली आई पहिल्या दिवशी नुसता हात धरून उभी राहिली होती. त्या खोलीत अभ्यास करून मी इंजिनिअर झालो आणि इथे आलो. कोणीतरी न पाहिलेल्या कारकुनाने एक रुक्ष नियम लिहिला नसता, तर आज मी तुमच्यापुढे उभा नसतो. घंटा वाजली, मी खाली बसलो.

कराचा आणि घराच्या किमतीचा मुद्दा लगेच निघाला. तो खोटा नाही, माणसाची आयुष्यभराची पुंजी घरात असते. पण त्याचे उत्तर माउंट लॉरेलमध्येच मिळाले आहे. एथेल लॉरेन्स १९९४ साली वारल्या. त्यांच्या नावाची वसाहत तिथे २००० साली सुरू झाली, आणि आज तिच्यात १४० घरे आहेत. खटल्यानंतर तब्बल एकोणतीस वर्षे लागली. तिच्या मंजुरीच्या वेळीही हेच चार मुद्दे निघाले होते. प्रिन्स्टन विद्यापीठाचे डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी नंतर शेजारच्या वस्त्यांशी तुलना करून अभ्यास केला, तो २०१३ साली पुस्तकरूपाने आला. घरांच्या किमती, गुन्हे, कर यांवर त्या वसाहतीचा वाईट परिणाम आढळला नाही. तिथे राहायला आलेल्यांची मिळकत आणि मुलांच्या अभ्यासाची स्थिती मात्र सुधारली.

परतताना शेजारी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, रहदारीचा मुद्दा तरी खरा आहे ना?"

"खरा आहे," मी म्हटले. "मग तेवढाच लिही. बस थांबेल का, पदपथ होईल का, ते विचार. माणसं नकोत, असं लिहू नकोस."

त्याने अर्ज मागे घेतला नाही. पण चारांतला 'गावाचे स्वरूप' हा मुद्दा त्याने खोडला आणि पदपथाची मागणी घातली. आमच्या गल्लीत अजून दोन तट आहेत. गणपतीत दोन्ही तट एकाच ताटातला मोदक खातात, एवढे बरे आहे.

मंडळी, शेवटी एक विनंती. राज्याचे कोणतेही खाते नियम बदलणार असले की मसुदा 'न्यू जर्सी रजिस्टर'मध्ये छापला जातो आणि त्यावर कोणालाही लिहिता येते. आलेल्या प्रत्येक मुद्द्याला खात्याला उत्तर द्यावे लागते. नागरिकत्वाचा पासपोर्टही लागत नाही. बिल्डर लिहितात, नगरपालिकांचे वकील लिहितात. कॅफेटेरियात काम करणाऱ्या बाईला ते वाचायला वेळ नसतो. आपल्याला तो आहे, शिक्षणही आहे. पुढचा मसुदा आला की मंडळाच्या एका रविवारी चहा घेत तो मिळून वाचू. वहिनींनी येईन म्हणून सांगितले आहे.